ध्वनिवर्धकाची नवी रीत



आजचा विषय ध्वनिवर्धक हा आहे, हें कळतांच कांहीं श्रोत्यांचा हात रेडिओच्या खुंटीकडे गेला असेल. त्यांनीं कृपा करून थोडें थांबावें. माझा आवाज ज्या यंत्रांतून आपल्या दिवाणखान्यांत येत आहे, त्याच्याच पोटांतली ही हकीगत आहे. आणि यंत्र आपल्या मालकीचें असल्यामुळें ती ठाऊक करून घेण्याचा आपला हक्कहि आहे.

मी इंजिनियर नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलों, आणि पुढें उभा जन्म प्राथमिक शाळेंतल्या फळ्यापुढें काढला. माझें गांव कोऱ्हाळे बुद्रुक, पुणें जिल्ह्यांतल्या बारामती तालुक्यांतलें. नीरेचा डावा कालवा आमच्या शिवारांतून जातो. त्यामुळें ऊंस आणि पाण्याची पाळी या दोन गोष्टींवांचून गांवांत तिसरें बोलणें क्वचितच निघतें. असा माणूस अ‍ॅम्प्लिफायरवर काय सांगणार, अशी शंका आपल्याला आली तर ती रास्त आहे. परंतु हा विषय मला पुस्तकांनीं जितका शिकविला, त्याहून अधिक त्या कालव्यानें शिकविला. तें कसें, हें पुढें येईलच.

झालें असें. गेल्या वर्षीं देवळांतल्या हरिनाम सप्ताहासाठीं नवा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावयाचें ठरलें. जुना पेटारा पंचवीस-तीस वर्षें इमानानें राबला होता. तो उचलावयास दोन गडी लागत. त्याच्या पाठीवर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची जी रांग होती, ती कीर्तन रंगांत आलें म्हणजे इतकी तापे कीं, यंत्र सांभाळणारा मुलगा तिच्यावर आपला चहाचा पेला ठेवून देई आणि आरतीपर्यंत चहा गरम राही. वर्गणी जमली, मंडळी बारामतीस जाऊन आली, आणि दोन यंत्रांची माहिती घेऊन परतली. दोहोंचें बळ सारखें, किंमतींतहि फारसें अंतर नाहीं. पण एक जुन्याच्याच वळणाचें, सोळा किलो वजनाचें. आणि दुसरें सगळें मिळून चार किलोंचें, एका हातानें उचलावें असें.

लगेच गांवांत दोन तट पडले. वडीलधाऱ्यांचा कौल जड यंत्राकडे. तांब्या घ्या, पातेलें घ्या, बैल घ्या, माल वजनांत असतो, हा त्यांचा जन्माचा अनुभव. तरुणांना हलकें यंत्र हवें होतें. कारण विचारलें तर 'नवीन आहे' यापलीकडे त्यांनाहि कांहीं सांगतां येईना. शेवटीं 'गुरुजींना विचारा' असें ठरलें. मास्तरकी सुटली तरी अशीं कामें सुटत नाहींत. मीं दोन दिवस मागून घेतले, जवळचीं पुस्तकें चाळलीं, आणि तिसऱ्या दिवशीं रात्रीं शाळेचा फळा देवळाच्या ओट्यावर मांडून उभा राहिलों. त्या रात्रीं जें सांगितलें, तेंच आज थोडें आवरून आपल्यापुढें ठेवतों.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अ‍ॅम्प्लिफायर लहान आवाजाला फुगवून मोठा करतो असें आपण समजतों. तसें तो करीत नाहीं. माइकच्या पडद्यावर शब्द आदळले म्हणजे त्यांतून जो विद्युत्प्रवाह निघतो, त्याचा दाब व्होल्टच्या हजाराव्या हिश्शांत मोजावा लागतो. कर्ण्याचा पडदा हलवावयास तर दहा-वीस व्होल्टचा दाब आणि त्यामागें भक्कम प्रवाह हवा. हा प्रवाह येतो तो विजेच्या तारेंतून किंवा बॅटरींतून. माइकचा क्षीण प्रवाह त्याला फक्त हुकूम देतो : आतां चढ, आतां उतर. कालव्याच्या पाण्याला पाटकरी आपल्या अंगचें बळ देत नसतो. पाणी धरणाचें, पाटकऱ्याचा हात नुसता दारावर असतो. अ‍ॅम्प्लिफायरांतला ट्रान्झिस्टर हें तें दार, आणि माइकचा प्रवाह हा पाटकऱ्याचा हात. आतां प्रश्न एवढाच उरतो कीं, तें दार चालवावें कसें?

जुनी रीत सरळ होती. आवाज लहान असेल तर दार थोडें उघडावें, मोठा असेल तर अधिक उघडावें. आवाजाच्या लाटेबरोबर दारहि वरखालीं होत राहावें. ऐकावयास यांत कांहींच दोष दिसत नाहीं. परंतु अर्धवट उघडलेल्या दारापाशीं कधीं उभे राहून पाहा. पाणी फटींतून जोरानें घुसतें, खळखळाट होतो, फेस येतो, पलीकडची माती उकरून निघते. त्या खळखळाटांत जें बळ खर्चीं पडतें, तें कोणाच्याच उंसाला मिळत नाहीं. दार पूर्ण बंद असेल तर पाणी वाहतच नाहीं, म्हणून नासाडी नाहीं. पूर्ण उघडें असेल तर पाण्याला अडथळा नाहीं, म्हणून तेव्हांहि नासाडी नाहीं. नासाडी होते ती मधल्या स्थितींत. ट्रान्झिस्टरचें अगदीं असेंच आहे. त्याच्यावर पडलेला दाब आणि त्यांतून वाहणारा प्रवाह, या दोहोंचा गुणाकार म्हणजे त्यांत जळणारी शक्ति. बंद असतां प्रवाह शून्य, पूर्ण उघडा असतां दाब जवळजवळ शून्य. दोन्ही वेळां गुणाकार शून्याच्या जवळ येतो. अर्धवट स्थितींत मात्र दोन्ही आंकडे भरीव असतात, आणि त्यांच्या गुणाकारावर आमच्या मुलाचा चहा गरम राहतो.

शहरांतल्या श्रोत्यांनीं कालव्याचें दार पाहिलें नसेल, पण पंख्याचा जुना रेग्युलेटर पाहिला असेल. भिंतीवरची ती काळी, जाड पेटी. पंखा हळू केला कीं तिला हात लावून पाहावा, ती गरम झालेली असे. पंख्याला नाकारलेली वीज सगळी वांचत नव्हती; तिचा बराच भाग त्या पेटींतल्या तारेच्या वेटोळ्यांत जळत होता, आणि महिन्याच्या बिलांत मात्र प्रामाणिकपणें येत होता.

या जुन्या रीतीचे पोटभेद आहेत. ए वर्ग आणि बी वर्ग अशीं त्यांचीं नांवें. ए वर्गांत आवाज असो वा नसो, दार सदा अर्धें उघडें असतें. साध्या मांडणींत शंभर हिश्शांपैकीं फार तर पंचवीस हिस्से कर्ण्यापर्यंत पोंचतात. बाकी सारी ऊब. बी वर्गांत दोन दारें असतात, लाटेच्या वरच्या अर्ध्यासाठीं एक आणि खालच्या अर्ध्यासाठीं दुसरें. त्याची कमाल मर्यादा गणितानें शंभरांत साडेअठ्ठ्याहत्तर येते. पण ही मर्यादा यंत्र पूर्ण जोरावर असतांनाची. कीर्तन काय किंवा गाणें काय, बहुतेक वेळ पूर्ण जोराच्या पुष्कळ खालींच चालतें. तेव्हां प्रत्यक्ष हिशोब पन्नासाच्याहि खालीं, कित्येकदां वीस-पंचवीसांवर येऊन बसतो.

नव्या रीतीनें दाराला अर्धवट उघडण्याची मनाईच केली आहे. एक तर पूर्ण उघडें, नाहीं तर पूर्ण बंद. घरांतल्या दिव्याच्या बटणाप्रमाणें. म्हणून याला स्विचिंग अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. येथें कोणीहि विचारील कीं, मग आवाजाचे चढउतार येणार कोठून? दोनच स्थिति जाणणाऱ्या यंत्रानें कीर्तनकाराचा कंप आणि मृदंगाची थाप कशी दाखवावी? त्या रात्रीं ओट्यावर हाच प्रश्न आला, आणि त्याचें उत्तर मीं देण्यापूर्वीं मागच्या रांगेंतल्या एका निवृत्त पाटकऱ्यानें दिलें. त्यांना सगळें गांव तात्या म्हणतें.

"गुरुजी," तात्या म्हणाले, "म्हंजी आमची पाळीच की ही! दार उघडायचं तर सगळंच उघडायचं. कुणाला दोन तास, कुणाला पांच तास. दार तेवढंच, पाणी येळावर."

याहून चांगली व्याख्या मला पुस्तकांत सांपडली नव्हती. चारीचें दार प्रत्येकासाठीं सारखेंच उघडतें. ज्याला पाणी अधिक द्यावयाचें त्याचा वेळ अधिक. फरक इतकाच कीं, कालव्याची पाळी दिवसांनीं येते, आणि या यंत्रांतली पाळी एका सेकंदांत तीन-चार लाख वेळां येते. यंत्रांत कळा दोन असतात. वरची उघडली म्हणजे कर्ण्याचा पडदा पुढें ढकलला जातो, खालची उघडली म्हणजे मागें ओढला जातो. दोघींना सारखा वेळ मिळाला तर पडदा जागच्या जागीं, म्हणजे शांतता. वरचीला अधिक वेळ मिळाला कीं तो पुढें, खालचीला अधिक मिळाला कीं मागें.

हे वेळ ठरवितो कोण? त्यासाठीं आपल्याला शिवणयंत्राकडे वळावें लागेल. यंत्राची सुई एकसारख्या गतीनें वरखालीं होत आहे, आणि कापड तिच्या प्रवासाच्या बरोबर मध्यावर ताणलेलें आहे, असें समजा. प्रत्येक टांक्यांत सुई निम्मा वेळ कापडाच्या वर आणि निम्मा वेळ खालीं राहील. आतां कापड थोडें वर उचला. सुईचा प्रवास तोच आहे, पण कापडाखालीं राहण्याचा तिचा वेळ वाढला. कापड खालीं दाबा, तो वेळ कमी झाला. अ‍ॅम्प्लिफायरांत ही सुई म्हणजे सेकंदास चार लाख वेळां सरळ चढणारी आणि सरळ उतरणारी एक विद्युत्-लाट; आणि कापड म्हणजे माइकहून आलेला आवाज, जो तिच्या मानानें अगदीं सावकाश वरखालीं होत असतो. सुई कापडाखालीं आहे तोंवर वरची कळ उघडी, सुई वर आली कीं खालची. बस्स, एवढेंच. आवाजाची उंची ही अशा रीतीनें वेळाच्या लांबींत लिहिली जाते.

येथें एक खुलासा करतों. या जातीच्या यंत्रांना डी वर्ग म्हणतात. त्यामुळें कांहीं दुकानदार मोठ्या आत्मविश्वासानें 'डी म्हणजे डिजिटल' असें सांगतात. तें खरें नव्हे. ए, बी, सी हीं अक्षरें आधींच दिलीं गेलीं होतीं, म्हणून पुढचें अक्षर मिळालें. सुई आणि कापडाच्या खेळांत कोठेंहि आंकडेमोड नाहीं. तुकड्याची लांबी कितीहि बारीक फरकानें कमीअधिक होऊं शकते.

आतां तुकडे तर झाले, पण तेच्या तेच कर्ण्याकडे धाडून चालत नाहीं. तात्यांचा दुसरा प्रश्न तोच होता. पाळीचें पाणी तुटक येतें. पिकाला तें सलग लागतें. शेतकरी त्यावर काय उपाय करतो? हौद बांधतो किंवा शेततळें खणतो. पंप वीज असेल तेव्हां धों धों पाणी टाकतो, वीज गेली कीं थांबतो; पण हौदाच्या तळाच्या नळीला त्या धरसोडीची वार्ताहि नसते. तिच्यांतून एकसारखी धार येत राहते. पंप अधिक वेळ चालला कीं हौदाची पातळी चढते आणि धार मोठी होते, कमी वेळ चालला कीं उलट. यंत्रांतला हौद म्हणजे कपॅसिटर. त्याच्या जोडीला तारेचें एक वेटोळें असतें, त्याचें काम गुऱ्हाळांतल्या चरकाच्या जड चाकासारखें. चाकाला धक्के बसले तरी तें एकदम पळत नाहीं आणि एकदम थांबतहि नाहीं. वेटोळेंहि प्रवाहाला तसेंच एकाएकीं बदलूं देत नाहीं. या दोघांमधून बाहेर पडलें म्हणजे लाखों तुकड्यांची पुन्हां एक गुळगुळीत लाट होते. तरुण कानाला जेमतेम ऐकूं येणारा सर्वांत उंच स्वर सेकंदास वीस हजार हेलकाव्यांचा. त्याच्या एका हेलकाव्यांतहि वीस तुकडे बसतात. डग्याच्या घुमाऱ्यांत तर एका हेलकाव्याला हजारों तुकडे येतात.

युक्ति इतकी सोपी, तर ती इतकी उशिरां कां आली? खरें म्हणजे ती उशिरां आली नाहीं, ती फार लवकर आली. इंग्लंडांत क्लाइव्ह सिंक्लेअर यांनीं १९६४ च्या सुमारास 'एक्स-१०' नांवाचा असा अ‍ॅम्प्लिफायर बाजारांत आणला. ग्राहकानें सुटे भाग आणून घरीं जोडावयाचे होते. पण त्या काळचे ट्रान्झिस्टर आळशी. दार उघडण्यास आणि मिटण्यास ते वेळ लावीत. आणि उघडतांना-मिटतांना दार कांहीं क्षण अर्धवट स्थितींतूनच जातें. हा क्षण सेकंदांत लाखों वेळां आला म्हणजे एका हातानें वांचविलेलें दुसऱ्या हातानें जळून जातें. यंत्राचें नांव झालें, पण तें चांगलें म्हणून नव्हे. पुढें १९७७ सालीं जपानच्या सोनी कंपनीनें अधिक चपळ ट्रान्झिस्टर वापरून आपलें यंत्र काढलें, आणि १९८० नंतर मॉसफेट जातीचे ट्रान्झिस्टर स्वस्त झाले, तेव्हां कोठें या कल्पनेला तिच्या लायकीचीं दारें मिळालीं.

दारें चपळ झालीं तरी एक धोका राहतोच. वरची कळ पुरती मिटण्यापूर्वीं खालची उघडली, तर वीज कर्ण्याकडे न जातां एकीकडून सरळ दुसरीकडे धांवते आणि दोघीहि जळून जातात. म्हणून दोहोंच्या मध्यें सेकंदाच्या कांहीं अब्जांश भागांची विश्रांति ठेवावी लागते. ती फार ठेवली तर आवाज खरबरीत होतो, फार कमी ठेवली तर यंत्राचा धूर. याशिवाय बाहेर पडणारा आवाज मूळ आवाजाशीं सारखा ताडून पाहण्याची सोय यंत्रांतच केलेली असते. चुकला तेथें तें स्वतःला सांवरून घेतें. माझ्या वर्गांत अशी सोय असती, तर पुष्कळ वह्या तपासावयाच्या वांचल्या असत्या.

आतां या रीतीचे फायदे. शंभर वॅट कर्ण्याकडे पोंचवावयाचे असतील, तर शंभरांत पन्नास हिस्से वांचविणारें जुनें यंत्र दोनशें वॅट घेतें आणि शंभर वॅटची ऊब करतें. नवीं यंत्रें पूर्ण जोरावर शंभरांत नव्वदपर्यंत पोंचतात. तें यंत्र एकशें अकरा वॅट घेईल आणि अकरांची ऊब करील. ऊब नवव्या हिश्शावर आली, म्हणजे ती बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्याहि त्या मानानें कमी लागल्या. सोळा किलोंचे चार किलो होण्याचें अर्धें कारण हें. उरलेलें अर्धें कारण असें कीं, विजेचा दाब उतरविणारा तो जुना लोखंड-तांब्याचा ट्रान्सफॉर्मरहि आतां गेला, आणि त्याच्या जागीं ह्याच चालू-बंदच्या युक्तीवर चालणारा एक लहानसा पुरवठा आला. वजन गेलें तें मालाचें नव्हे, नासाडीचें, हें मीं वडीलधाऱ्यांना फळ्यावर मांडून दाखविलें. किती जणांना पटलें, तें सांगवत नाहीं.

बॅटरीचा हिशोब मात्र सर्वांना पटला. बारा व्होल्टची, चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी घेतली तर तिच्यांत चारशें ऐंशी वॅट-तासांचा सांठा झाला. कीर्तनाला कर्ण्याकडे सरासरी वीस वॅट जातात असें धरलें, तर जुन्या यंत्राला त्यासाठीं ऐंशी वॅट हवेत. सहा तासांत बॅटरी रिकामी. नव्याला पंचवीस पुरतात. कागदावर एकोणीस तास. प्रत्यक्षांत दोन्ही आंकडे कमी येतील, पण त्यांचें प्रमाण बदलणार नाहीं. ज्या गांवांत वीज केव्हां जाईल याचा भरंवसा नसतो, तेथें हा फरक कीर्तन पुरें होणें आणि अर्ध्यावर मोडणें यांतला असतो.

शहरांतल्या श्रोत्यांना बॅटरीशीं काय करावयाचें आहे, असें वाटेल. पण आपल्या खिशांतल्या मोबाईलचा स्पीकर बहुधा ह्याच रीतीनें बोलतो. भिंतीला लागून बसलेला, पुस्तकाएवढ्या जाडीचा दूरदर्शन संच जुन्या रीतीचा अ‍ॅम्प्लिफायर पोटांत घेता तर त्याला तितका सडपातळ राहणें कठीण होतें. आणि माझ्या डाव्या कानांत जें यंत्र आहे, त्याच्या शेवटच्या टोंकालाहि हीच रीत आहे.

या कानाची हकीगत सांगितली पाहिजे. कारण नव्या यंत्राची दुसरी बाजू तींत आहे. कांहीं वर्षांपूर्वीं नात्यांतल्या एका लग्नाच्या वरातींत मी तासभर चाललों. पुढें गाडीवर कर्ण्यांची भिंत रचलेली. आमच्याकडे लोक तिला डॉल्बी म्हणतात. त्या नांवाच्या कंपनीचा तिच्याशीं संबंध नसतो. छातींत धडधड होत होती, पण मुलाकडचा वडीलधारा म्हणून मागें राहवेना. घरीं आलों तो डाव्या कानांत शिटी वाजत होती. ती तीन दिवसांनीं थांबली, पण तिच्याबरोबर बारीक आवाजहि गेले. नातवंडांचे शब्द अर्धे कळत. डॉक्टर म्हणाले, निम्मा दोष वयाचा, निम्मा आवाजाचा. पूर्वीं अशी भिंत उभी करणें सोपें नव्हतें. तेवढ्या बळाचे जुने पेटारे एक गाडी भरून लागले असते, त्यांना वीज पुरविणारें जनित्र दुप्पट मोठें लागलें असतें, आणि भाडें कोणाला परवडलें नसतें. अडाणी, जड यंत्राचा आमच्या कानांवर एक उपकार होता, तो आम्हीं ओळखला नाहीं. नव्या यंत्रानें हजारों वॅट दोन माणसांच्या हातांत आणून ठेवले. रात्रीं दहा ते सकाळीं सहा उघड्यावर कर्णा लावूं नये असा नियम २००० सालापासून आहे. सर्वोच्च न्यायालयानें १८ जुलै २००५ च्या निकालांत तो उचलून धरला. वस्तीच्या भागांत दिवसां पंचावन्न आणि रात्रीं पंचेचाळीस डेसिबल ही मर्यादाहि त्याच नियमांत आहे. परंतु वरात दिवसां निघाली तर कानाचे पडदे काय घड्याळ पाहून फाटतात?

आणि मग त्याच कानांत हें यंत्र बसलें. १९५२ च्या अखेरीस अमेरिकेंत ट्रान्झिस्टर प्रथम सामान्य ग्राहकाच्या हातीं आला, तो रेडिओंत नव्हे, कर्णयंत्रांत. पण जुन्या रीतीच्या कर्णयंत्रांना सेल लौकर खाण्याची खोड होती, आणि मोठा आवाज आला कीं तीं फाटक्या आवाजांत बोलत. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांत डी वर्ग आला, तेव्हां दोन्ही खोडी बऱ्याच गेल्या. माझ्या यंत्रांतला सेल वाटाण्याएवढा आहे. त्याचा दाब दीड व्होल्टहूनहि कमी. पण तेवढ्यावर तें सहा-सात दिवस, सकाळपासून रात्रींपर्यंत, माझ्यासाठीं ऐकतें. अर्धवट उघडें दार त्या वाटाण्याला कधींच परवडलें नसतें.

नव्या रीतीचे दोष लपविणें बरें नव्हे. सेकंदास चार लाख वेळां तुटणारी वीज ही स्वतःच एक लहानसें प्रक्षेपण केंद्र असते, आणि तिचे दुप्पट-तिप्पट पटींतले पडसाद नेमके मध्यम लहरींच्या पट्ट्यांत पडतात. यंत्र निष्काळजीपणानें बांधलेलें असेल, तर त्याच्या शेजारीं ठेवलेल्या रेडिओवर खरखर उठते. पुणें केंद्राची ७९२ किलोहर्ट्झची लहर आम्हीं वर्षानुवर्षें ऐकली. तिच्यावर अशी खरखर आली म्हणजे जिवाला लागते. घरांत शंका आली तर मध्यम लहरींचा रेडिओ यंत्राजवळ नेऊन पाहावा, परीक्षा लगेच होते. दुसरा दोष दुरुस्तीचा. जुना पेटारा बिघडला तर बारामतीचा कारागीर तो उघडून, जळलेला भाग काढून, संध्याकाळपर्यंत परत देई. नव्यांत सगळा संसार नखाएवढ्या चकतींत. ती गेली कीं तबकडीच बदलावयाची. स्वराच्या गोडीबद्दल रसिकांत वाद आहे. माझ्या कानानें त्यांत बोलूं नये हें बरें.

राहतां राहिला आमच्या सप्ताहाचा निकाल. हलकें यंत्र घ्यावें, हें माझें मत वडीलधाऱ्यांनीं अखेर मान्य केलें. पण तेवढ्यांत तरुणांनीं नवीच गोष्ट काढली. त्याच दुकानांत, थोड्या अधिक किंमतींत, तितक्याच वजनाचें पण दहापट बळाचें यंत्र होतें. तें घेतलें तर वर्षभर वरातींना भाड्यानें देतां येईल आणि सप्ताहाचा खर्च परस्पर निघेल, असा त्यांचा हिशोब होता. हिशोब चुकीचा नव्हता. मीं कानांतलें यंत्र काढून ओट्यावर ठेवलें आणि म्हटलें, आतां जें बोलावयाचें तें बोला, मला ऐकूं येणार नाहीं. थोडा वेळ सगळे नुसते ओठ हलवीत असलेले दिसले. मग तात्यांनीं हात वर केला, दुसरे कांहीं हात वर झाले, आणि लहान यंत्र ठरलें. दोघे-तिघे तरुण माझ्यावर अजून रुष्ट आहेत. रस्त्यांत भेटले तर रामराम घालतात, पण थांबत नाहींत.

सप्ताहाच्या पांचव्या रात्रीं, कीर्तन उत्तररंगांत असतांना, वीज गेली. मुलानें तारा काढून बॅटरीला लावल्या, आणि बुवांचें वाक्य जेथें तुटलें होतें तेथून पुढें सुरू झालें. आरतीनंतर मीं यंत्राच्या पाठीला हात लावून पाहिला. ती माझ्या हाताहून गार होती. मुलगा शेजारीं उभा होता, हातांत निवलेला चहा घेऊन. गुरुजी, यंत्र चांगलं आहे, तो म्हणाला, पण पेला ठेवायला कुठं जागाच नाही.